पडून दाखवा

हरकरे मॅडमच्या वॉर्डात ‘चक्कर’ या शब्दाला बंदी होती. पेशंटने तो उच्चारला तर त्या ऐकून घेत. नातेवाइकाने उच्चारला तर “म्हणजे काय?” असं विचारत. आणि आम्हा डॉक्टरांपैकी कुणी केसपेपरवर लिहिला, तर तो कागद दोन बोटांच्या चिमटीत धरून, मेलेला उंदीर बाहेर टाकायला न्यावा तसा, खिडकीपाशी नेत आणि सगळ्या वॉर्डासमोर विचारत, “वैरागडे, हे आपण लिहिलंय की पेशंटच्या सासूने?”

मी त्यांचा रजिस्ट्रार होतो. सत्तरचं दशक अर्ध्यावर आलं होतं. नागपुरात बेशुद्ध पडणाऱ्या माणसाचं काय करायचं हे तेव्हा ठरून गेलेलं होतं. बाई पडली तर हिस्टेरिया. तरुण मुलगी पडली तर लग्न करून टाका. पुरुष पडला तर दारू, आणि पुरुष चांगल्या कपड्यातला असला तर अतिश्रम. धंतोलीतल्या बड्या दवाखान्यांपासून इतवारीतल्या जिना चढून जायच्या दवाखान्यांपर्यंत इलाज एकच: ग्लुकोजची बाटली टांगायची, तिच्यात व्हिटॅमिनचं इंजेक्शन सोडून रंग आणायचा, आणि रंग बघून नातेवाइकांचे चेहरे उजळले की घरी पाठवायचं. “रंगपंचमी खेळतात लेकाचे,” मॅडम म्हणायच्या.

डॉ. निर्मला हरकरे ठेंगण्या होत्या, काटक होत्या, आणि पायांत पुरुषी चामडी चपला घालून वॉर्डभर फटक फटक चालत. पेशंटशी त्या वऱ्हाडीत बोलत, “काहून पडतं गा तू?” असं पाठीवर हात ठेवून. आमच्याशी मात्र एकदम स्वच्छ, पुस्तकी मराठी. वाक्याची सुरुवात ‘आपण’ने झाली की आम्ही ओळखायचो, आज कातडं सोललं जाणार.

त्यांची तपासण्याची रीत सगळ्या कॉलेजात टवाळीचा विषय होती. बेशुद्ध पडणारा पेशंट आला की त्या आधी त्याच्याकडे बघतच नसत. “पडताना कोणी पाहिलं?” असं विचारून, ज्याने पाहिलं त्याला पुढे बोलावत आणि म्हणत, “सांगू नका. पडून दाखवा.”

मग त्या फरशीवर कोण कोण पडलं! नवरे पडले, दीर पडले, एक पोलीस पाटील फेट्यासकट पडले. लोक आधी लाजत, मग हसत, आणि मग खरोखर आठवून पडत. कोणी भिंतीला धरून हळूहळू खाली सरकत येई, कोणी हातपाय झाडून दाखवी, कोणी पडण्याआधी पाणी मागे. मॅडम चष्मा कपाळावर चढवून बघत असत. दुसऱ्या युनिटचे डॉक्टर दारात उभे राहून हसायचे आणि म्हणायचे, कार्डिओग्राम का नाही काढत सरळ? त्यावर त्यांचं उत्तर ठरलेलं: “पडून उठलेल्या माणसाचा कार्डिओग्राम म्हणजे चोर निघून गेल्यावर काढलेला घराचा फोटो. आपण फोटो काढा. मला चोर पाहिलेला माणूस हवाय.”

त्यानंतर नाडी. मनगट धरून त्या खिडकीबाहेर बघत उभ्या राहायच्या, इतका वेळ की आमच्या पायांना मुंग्या येत. कोणी चुळबुळ केली तर मान न वळवता म्हणत, “आपल्याला घाई असेल तर बँकेत नोकरी करा.”

त्या वर्षी आमच्या इस्पितळात एक पेसमेकर आला. शहरात असं यंत्र बसवायची ती पहिलीच वेळ होणार होती. गांधीबागेतल्या कापड व्यापाऱ्यांच्या मंडळाने तो परदेशातून मागवून इस्पितळाला दान दिला होता. हातात मावेल अशी धातूची डबी, तिला लांब तार. हृदय आळसावलं की डबीने त्याला टोचून ठोका द्यायला लावायचा. आमच्या डीनसाहेबांना हृदयातलं बेताचंच कळत असे, पण फीत कापण्यातलं सगळं कळत असे. त्यांनी तो सीलबंद खोका आपल्या कपाटात ठेवला आणि येईल त्या पाहुण्याला, घरातला चांदीचा करंडा दाखवावा तसा, काढून दाखवू लागले. तो कोणाला बसवायचा हा प्रश्न त्यांच्या दृष्टीने समारंभाचा होता. माणूस वजनदार हवा, फोटोत चांगला दिसणारा हवा.

आणि नशीब बघा, तसा माणूस पडलाच. मंडळाचे अध्यक्ष मोहनलालजी एका सत्कारात, उन्हाळ्याच्या दुपारी, गळ्यात हार घालून उभे असताना कोसळले. महिन्याभरात दुसऱ्यांदा. डीनसाहेबांच्या चेहऱ्यावर काळजी होती म्हणतात. मी तरी आनंदच पाहिला. शेठजींना स्पेशल रूम मिळाली, दाराला नवा पडदा लागला, आणि हरकरे मॅडमना निरोप गेला की पेसमेकरची शिफारस तेवढी लिहून द्यावी.

मॅडम गेल्या. पडताना पाहिलेला माणूस म्हणून शेठजींचे मुनीम हजर होते. मॅडमनी त्यांना पडायला सांगितलं. मुनीमजी धोतर सावरून उभे राहिले, कपाळाचा घाम पुसला, गळ्यातला काल्पनिक हार सैल केला, “पानी” म्हणाले, खुर्चीकडे हात नेला, आणि मग अगदी बेताने गालिच्यावर आडवे झाले.

“उठा,” मॅडम म्हणाल्या. “छान पडलात.”

मग त्यांनी शेठजींना पलंगावरून उतरवून, पाठ नुसती टेकेल असं भिंतीशी उभं केलं. स्वतः नाडी धरली, मला रक्तदाब घेत राहायला सांगितलं. बराच वेळ काही झालं नाही. डीनसाहेब घड्याळ बघू लागले. मग शेठजींच्या ओठांवर घाम आला, चेहरा पिठासारखा झाला, रक्तदाब घसरू लागला आणि पाठोपाठ नाडीही मंदावली. डीनसाहेबांना नाडी मंदावलेली तेवढी कळली. ते जवळजवळ ओरडलेच, “बघा! हार्टच स्लो होतंय! पेसमेकरची केस आहे ही, हरकरे!”

आम्ही शेठजींना आडवं केलं, मॅडमनी त्यांचे पाय उचलून माझ्या खांद्यावर ठेवले, आणि ते डोळे उघडून “क्या हुआ?” म्हणाले.

“काही नाही झालं, शेठजी,” मॅडम म्हणाल्या. “तुमचं रक्त पायांत उतरतं. उन्हात, उपाशीपोटी, भाषणं ऐकत उभं राहिलं की कोणाचंही उतरेल. मलाही भाषणं ऐकून तसंच होतं.” मग डीनकडे वळून, “आपण पाहिलंत ते खरं आहे. पण रक्तदाब आधी पडला, नाडी नंतर. पेसमेकर नाडी चालवील. नळाला पाणीच नसेल तर पंप चालवून आपण काय साधणार? शेठजी चालू पंपासकट पडतील.”

शेठजी माणूस वाईट नव्हते. घाबरलेले होते. त्यांनी विचारलं, “बाई, सच बताइए, मरूंगा तो नहीं?”

“मराल की. पण याने नाही.”

डीनसाहेब बाहेर व्हरांड्यात मला म्हणाले, “तुमच्या मॅडमचं जरा डोकं तपासून घ्या.”

त्याच दिवसांत कोराडीच्या वीजकेंद्रातला एक फिटर आमच्याकडे आला होता. सुखदेव रामटेके. पस्तिशीचा, समोरचे दात तुटलेले, कपाळावर जुन्या-नव्या जखमांची नक्षी. कोळसा वाहून नेणाऱ्या पट्ट्यांवर काम करताना तो दोनदा पडला होता. साहेबाने लिहिलं: दारू पिऊन कामावर. चौकशी लागली, पगार थांबला. एका डॉक्टरने मिरगीच्या गोळ्या दिल्या, त्या खाऊन तो दिवसभर गुंगीत राहू लागला, म्हणजे दारूचा पुरावा आणखी पक्का झाला. ज्यांच्यापैकी कुणीच त्याच्या मनगटाला हात लावला नव्हता अशा चार शहाण्यांच्या सह्या त्याच्या कागदांवर होत्या.

सोबत त्याची बायको होती, कौतिका. मॅडमनी नेहमीप्रमाणे तिला पुढे बोलावलं.

“इकडे ये वं बाई. हा कसा पडते, तसं पडून दाखव मले.”

ती लाजली नाही, हसली नाही. म्हणाली, “लागंन जी.”

“म्हणजे?”

“थे जसे पडतेत तसं पडलं तं लागंन मले.”

मॅडमचा चष्मा कपाळावरून खाली आला. “सांग मंग.”

“नयावर उभे होते जी, बादली भरून राहिले होते. मले म्हणाले, ‘कौ…’ अन् माहं नाव पुरं नाही झालं तं धाडकन तोंडावर. हातबी पुढं नाही आणला. म्या पायलं तं मुडद्यावानी पांढरे. हलवलं तं काई नाही. मंग एकदम लालबुंद झाले अन् उठून मलेच म्हणतेत, ‘काहून रडून राहिली?’ ” ती मॅडमच्या आणखी जवळ आली. “दारू नाही जी मॅडम. आमच्या घरी बुद्धाचा फोटो हाय. त्याच्याम्होरं सांगतो, दारू नाही.”

मॅडम सुखदेवच्या पलंगावर बसल्या आणि नाडी धरून खिडकीबाहेर बघू लागल्या. त्या दिवशी आमच्यापैकी कोणी चुळबुळ केली नाही. नाडी तिशीच्या आसपास होती. कार्डिओग्राम काढला तर हृदयाचा वरचा कप्पा एका तालात आणि खालचा भलत्याच, दोघांची ओळख नसल्यासारखे. वरचा निरोप खाली पोचत नव्हता. खालचा कप्पा आपल्या मर्जीने अधूनमधून ठोका देई, आणि मर्जी फिरली की काही क्षण देतच नसे.

“पडायला वेळ मिळाला तो शेठ,” मॅडम मला म्हणाल्या, “आणि बायकोचं नाव पुरं करायला वेळ मिळाला नाही तो हा. आता सांगा, खोका कोणाचा?”

मी सांगून काय होणार होतं? डीनसाहेबांच्या खोलीत बैठक झाली. मी फाइली धरून मागे उभा होतो. एकेक मुद्दा ऐकून घ्यावा असा होता. मजूर माणूस आहे, जखमेची काळजी घेणार नाही. बॅटरी संपली की बदलायला परत येणार नाही. यांच्या वस्तीत स्वच्छता नसते. आणि पहिलीच केस, ती अशी कशी? यातला ‘अशी’ हा शब्द डीनसाहेब जरा खाली बघून म्हणाले.

“अशी म्हणजे कशी?” मॅडमनी विचारलं.

डीनसाहेबांनी चहासाठी घंटा वाजवली.

“नाही, आपण अधिष्ठाता आहात, आपल्याला शब्द सापडत नाही असं होणार नाही. कशी केस? हृदय कोणत्या वस्तीतलं आहे ते मला स्टेथोस्कोपमधून ऐकू येत नाही. आपल्याला येत असेल तर शिकवा.”

बैठक पुढे ढकलली गेली. डीनसाहेब मुंबईला मंत्रालयात गेले, पाहुणे ठरवायला. जिभेखाली गोळ्या ठेवून आम्ही सुखदेवची नाडी कशीबशी ढकलत राहिलो. एका सकाळी राउंड चालू असताना तो चहाचा ग्लास कौतिकाच्या हातात देत होता. ग्लास फरशीवर फुटला. तो उशीवर मागे गेला, पांढरा, आणि नाडी नव्हती. मॅडमनी त्याच्या छातीवर मूठ हाणली. मग पुन्हा. कौतिका त्याचे पाय धरून “अवो, अवो” एवढंच म्हणत होती. तिसऱ्या मुठीला हृदय हललं, आणि त्याचा चेहरा तिने सांगितला होता तसा लालबुंद झाला.

मॅडम घाम न पुसता तशाच निघाल्या. मी मागे. डीनच्या ऑफिसात हेडक्लार्क पान लावत बसले होते.

“कपाट उघडा.”

“साहेबांची परवानगी…”

“साहेब आले की मागून घेईन. आता उठता की किल्ली मी घेऊ?”

तिथून खोका काखोटीला मारून त्या थेट सर्जन अन्सारींकडे गेल्या. त्या दोघांचं कित्येक महिने बोलणं बंद होतं. मॅडम दारातूनच म्हणाल्या, “आपण गर्विष्ठ आहात हे माझं मत कायम आहे. पण हात चांगले आहेत. चला.”

अन्सारींनी खोक्याकडे पाहिलं, मॅडमकडे पाहिलं. “डीनला माहीत आहे?”

“संध्याकाळी कळेल.”

“मग लवकर आटपू,” अन्सारी म्हणाले.

नागपुरातला तो पेसमेकर असा बसला. फीत नव्हती, हार नव्हते. सुखदेवची नाडी डबी सांगेल तशी टकटक चालू लागली. शुद्धीवर आल्यावर पहिलं वाक्य तो बोलला ते कौतिकाशी, आणि ते पुरं बोलला: “कौतिका, कामावर सांगून ये.”

डीनसाहेब परतले आणि दोन महिन्यांत हरकरे मॅडमची मराठवाड्यात बदली झाली. कारणाच्या जागी ‘प्रशासकीय’ असं लिहिलं होतं. जाण्याआधी त्या कोराडीला सुखदेवच्या चौकशीत साक्ष द्यायला गेल्या, मलाही नेलं. चौकशी अधिकाऱ्याने विचारलं, “हा माणूस दारू पीत नाही असं आपण ठामपणे सांगू शकता?”

“नाही. मी त्याच्या घरी राहत नाही. त्याचं हृदय थांबत होतं एवढं ठामपणे सांगते. आपण त्याला दारुडा ठरवलंत तेव्हा नाडी पाहिली होतीत का? पाहता येते का? हात इकडे आणा, शिकवते.”

सुखदेवला बसून करायचं काम मिळालं. मोहनलालजींना कुणीतरी मुंबईला नेलं आणि तिथे त्यांना हवा तो पेसमेकर बसला. परत आल्यावर मोठा सत्कार झाला. डीनसाहेब भाषणात विज्ञानाच्या भराऱ्यांबद्दल बोलत असताना शेठजी हारांसकट पुन्हा पडले. मी तिथे होतो. मला हसू आवरलं नाही, आणि आजही त्याची लाज वाटत नाही. पुढे शेठजींनी उपास कमी केले, भाषणं बसून ऐकायला सुरुवात केली, आणि त्यांचं पडणं थांबलं.

मॅडम काही वर्षांनी नागपूरला परत आल्या. जीभ तशीच होती. पण परतल्यानंतरची एक गोष्ट सांगितल्याशिवाय त्यांचं चित्र खोटं होईल. नर्सिंगच्या होस्टेलमधली एक मुलगी त्यांच्याकडे आणली गेली. परीक्षेच्या काळात पडली होती. मॅडमनी मैत्रिणीला पडायला लावलं, नाडी पाहिली, कार्डिओग्रामवरून नजर फिरवली आणि म्हणाल्या, “भीती आहे. जेवत जा.” महिन्याभराने होस्टेलच्या व्हरांड्यात घंटा कानाशी वाजली आणि ती मुलगी पडली, ती उठली नाही. मॅडमनी जुना कार्डिओग्राम काढून पुन्हा मोजला. ठोक्यानंतर हृदय पूर्ववत व्हायला जेवढा वेळ लागावा त्याहून कितीतरी जास्त लागत होता; असं हृदय नुसतं दचकूनही थांबतं. कागदावर सगळं होतं. मोजलं नव्हतं.

त्यावर कोणी त्यांना जाब विचारला नाही. ज्यांना विचारता आला असता त्यांना कळतच नव्हतं. त्यानंतर दरवर्षी नव्या विद्यार्थ्यांच्या पहिल्या तासाला त्या तो कार्डिओग्राम भिंतीवर टाकायच्या आणि विचारायच्या, “हा वाचून मुलीला जेवायला सांगणारी गाढवी कोण?” मग स्वतःच उत्तर द्यायच्या, “हरकरे. नाव लिहून घ्या.” मुलांना वाटायचं, मॅडम विनोद करताहेत. काही हसायची. त्या हसू देत.

मॅडम निवृत्त झाल्या त्यानंतर, ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर, एका सकाळी कोराडीहून मला फोन आला. सुखदेव काविळीने गेला होता. त्या डबीची बॅटरी मधल्या काळात बदलली होती, बदलायला तो दर वेळी वेळेवर आला होता. फोन तिथल्या दवाखान्यातल्या तरुण डॉक्टरचा होता. डबी शरीरात ठेवून अग्नी दिला तर ती फुटते, हे त्याने कुठेतरी वाचलं होतं, आणि काढायला त्याचं धाडस होत नव्हतं. मी निघालो. वाटेत मॅडमच्या घरी सांगायला थांबलो, तर त्या चपला घालून गाडीत येऊन बसल्या.

क्वार्टरच्या बाहेर माणसं जमली होती. राखेचा वास होता, दूरवर कोळशाचे ट्रक चालूच होते. आतल्या खोलीत पांढऱ्या कापडावर सुखदेव होता. मॅडमनी सगळ्यांना बाहेर काढलं, मला आणि त्या तरुण डॉक्टरला ठेवलं. छेद त्यांनीच घेतला. डबी आणि तार बाहेर काढून माझ्या हातात दिली. मग सुई मागितली आणि टाके घालायला बसल्या.

त्यांचे हात आता थोडे थरथरत होते, म्हणून त्या फार सावकाश घालत होत्या. एकेक टाका अगदी बारीक, जवळजवळ. बाहेर कोणीतरी बुद्धवंदनेतलं त्रिसरण म्हणायला सुरुवात केली होती. तरुण डॉक्टर अवघडला, मग हळूच म्हणाला, “मॅडम, आता एवढे टाके कशाला? तासाभरात तर नेणारच आहेत.”

मी वाट पाहिली. ‘आपण’ने सुरू होणारं वाक्य येणार, हा पोरगा आयुष्यभर विसरणार नाही असं काहीतरी येणार. मॅडमनी मान वर केली, त्याच्याकडे पाहिलं. आणि पुन्हा खाली वाकल्या.

शेवटचा टाका घालून त्यांनी दोरा कापला, जखमेवरून ओला कापूस फिरवला, सदऱ्याची बटणं लावली, आणि दाराकडे बघून हाक मारली, “कौतिका, ये वं. आता पाहून घे त्याले.”